मुंबईतल्या चर्चच्या शाळा, शिबिरे आणि सेवाकेंद्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की आमच्या मंडळीच्या आवारात चौकशीसाठी एक टेबल मांडलेले असते. तिथे ख्रिस्ती कुटुंबे येतात आणि आजूबाजूच्या चाळींतली, सोसायट्यांतली इतर माणसेही येतात. कुणाला नातवाच्या प्रवेशाचे विचारायचे असते, कुणाच्या घरी कर्करोगाचा रुग्ण असतो, कुणाला मे महिन्याच्या शिबिराची माहिती हवी असते. त्याच प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या शहरात सगळ्या चर्चचे मिळून एकच कार्यालय नाही. तुमचे काम ज्या संस्थेत आहे ती कोण चालवते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पुढचे अर्धे हेलपाटे वाचतील.

चर्चच्या शाळा म्हणजे नेमक्या कोणाच्या शाळा?

सर्वांत मोठा वाटा कॅथलिक शाळांचा आहे आणि त्यांत दोन तऱ्हा आहेत. काही शाळा चर्चच्या आवारात, त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक मंडळीच्या, जोडीने उभ्या राहिल्या. त्या मुंबईच्या आर्चडायोसिसच्या म्हणजे महाधर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाखाली चालतात, आणि स्थानिक फादर बहुधा त्यांचे मॅनेजर असतात. दुसऱ्या तऱ्हेच्या शाळा धर्मसंघांच्या, म्हणजे व्रतस्थ फादर किंवा सिस्टर यांच्या संघटनांच्या, आहेत. धोबी तलावचे सेंट झेवियर्स, माझगावचे सेंट मेरीज आणि वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस या जेझुइटांच्या. माटुंग्याचे डॉन बॉस्को सॅलेशियन फादरांचे. फोर्ट आणि भायखळ्याची कॉन्व्हेंट शाळा जीझस अँड मेरी संघाच्या सिस्टरांची. धर्मसंघाच्या शाळेत प्रिन्सिपॉल कोण असावे, हे संघ आपल्या पातळीवर ठरवतो. त्यामुळे शेजारच्या चर्चमधल्या फादरांनी चिठ्ठी दिली तरी तिथे तिचा उपयोग होईलच असे नाही.

प्रोटेस्टंट बाजूला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि इतर काही चर्च एकत्र येऊन ते स्थापन झाले. मेथॉडिस्ट चर्च वेगळे, साल्व्हेशन आर्मी वेगळी. काही जुन्या नामवंत शाळांची मुळे चर्चमध्ये असली तरी आज त्या स्वतंत्र सोसायट्या चालवतात. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळा अँग्लो-स्कॉटिश एज्युकेशन सोसायटीची आहे. विल्सन महाविद्यालय जॉन विल्सन एज्युकेशन सोसायटी चालवते.

वसई-विरारकरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. तिकडच्या पॅरिश शाळांचे प्रश्न मुंबईच्या कार्यालयात सुटत नाहीत.

शोधायचे कसे? फीच्या पावतीवर किंवा शाळेच्या लेटरहेडवर संस्थेचे पूर्ण नाव असते. ते वाचा, तेवढे पुरते.

नावात 'सेंट' किंवा 'कॉन्व्हेंट' असले म्हणजे शाळा चर्चची का?

नाही. ही नावे कुणीही ठेवू शकतो आणि उपनगरांत पुष्कळांनी ठेवली आहेत. चर्चशी काहीही संबंध नसलेल्या खासगी शाळा या नावांनी चालतात. त्या वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. फक्त नावावर विसंबून पैसे भरू नका.

या शाळा मुंबईत कधीपासून आहेत आणि कशासाठी सुरू झाल्या?

आज या शाळांच्या दारात गाड्यांची रांग लागते, म्हणून हा इतिहास मुद्दाम सविस्तर सांगतो. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते इथे नको होते, पण ते राहिले, मराठी शिकले आणि त्यांच्या मिशनने शाळा काढल्या. या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईत आल्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या कामात पडल्या. पुढे त्या अहमदनगरला गेल्या. त्यांची तिथली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि मग पुण्यात स्वतःची शाळा काढली, हे आपण शाळेत वाचलेलेच आहे.

१८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन आले. मार्गारेटबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपले मूळ १८३२ मधल्या त्यांच्या कामात मानते. विल्सन महाविद्यालयाची सुरुवातही १८३२ चीच. मार्गारेटबाई १८३५ मध्ये मुंबईतच वारल्या.

आणि अनाथ मुले. भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्च शाळेचे मूळ १८१५ च्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीत आहे. ती निराधार आणि गरीब युरोपीय मुलांसाठी निघाली होती. माहीमचे बॉम्बे स्कॉटिश १८४७ मधल्या अनाथ मुलांच्या संस्थेतून वाढले. १८६३ मध्ये वांद्र्याला सुरू झालेले सेंट स्टॅनिस्लॉससुद्धा आधी स्थानिक अनाथ मुलग्यांसाठीचे होते. म्हणजे आज ज्या शाळांना शहर 'मोठ्या लोकांच्या शाळा' म्हणते, त्यांतल्या बऱ्याच ज्यांचे कुणी नव्हते अशा मुलांसाठी निघाल्या. त्या शाळांत आज मुले घालणाऱ्यांनी आणि त्या चालवणाऱ्यांनीही ही गोष्ट विसरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

आम्ही ख्रिस्ती नाही. मुलाला प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो आणि मिळतोही. मुंबईतल्या चर्चच्या अनेक शाळांत ख्रिस्ती नसलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. पण प्राधान्याचा क्रम समजून घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्या आधारावर शाळा आपल्या समाजाच्या मुलांना आधी घेऊ शकते. कॅथलिक पॅरिश शाळेत बहुधा आधी त्या पॅरिशची मुले, मग इतर कॅथलिक व ख्रिस्ती, मग शाळेतल्या मुलांची भावंडे आणि परिसरात राहणारे असा विचार होतो. नेमका क्रम प्रत्येक शाळेचा निराळा असतो. तो कार्यालयात विचारता येतो, आणि विचारायला संकोच करू नये.

व्यवहाराचा सल्ला असा की एकाच नामांकित शाळेवर सगळी आशा लावू नका. घरापासून चालत जाता येईल अशी पॅरिश शाळा बघा. कुर्ला, मालाड, भांडुप, विक्रोळी भागांत कमी नावाच्या पण मनापासून शिकवणाऱ्या अनुदानित शाळा आहेत, तिथली फी झेपणारी असते. लहान मुलाला रोज दीड तास बसमध्ये बसवून मोठ्या नावाच्या शाळेत नेण्यापेक्षा ते बरे. नोंदणीच्या तारखा शाळेच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर लागतात. दिवाळीच्या आधीपासून लक्ष ठेवा. ओळखीच्या माणसाने 'करून देतो' म्हटले म्हणून अर्ज भरायचा राहू देऊ नका.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागा इथे मिळतात का?

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेत मिळत नाहीत. २००९ चा कायदा अशा शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये प्रमती खटल्यात दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठापुढे न्यावा असे म्हटले. त्यामुळे पुढे यात बदल होऊ शकतो. ऑनलाइन अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या यादीत शाळेचे नाव आहे का तेवढे पाहा.

काही शाळा कायदा लागू नसतानाही गरीब मुलांची फी माफ करतात किंवा माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून भरतात. ही सवलत जाहिरातीत दिसत नाही. प्रिन्सिपॉलना भेटून, उत्पन्नाचा दाखला दाखवून विचारावे लागते.

बाप्तिस्म्याचा दाखला कुठून आणायचा?

ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीतून. गावाकडे, नगर-जालन्याकडे झाला असेल तर तिथल्या पाळकांना पत्र लिहा किंवा नातेवाइकाला पाठवा. वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या हंगामाआधी मागवा. मुंबईतल्या पॅरिश शाळा दाखल्यासोबत तुमच्या सध्याच्या चर्चचे पत्रही मागतात. ते पत्र फादर किंवा पाळक तुम्हाला ओळखत असतील तरच देतील. दाखल्याच्या आशेने बाप्तिस्मा घ्यायला येणाऱ्यांना आमची विनंती आहे: असे करू नका. मुलाच्या वाट्याला पहिल्याच पायरीवर खोटेपणा येतो, आणि चर्चही असा बाप्तिस्मा देत नाही.

डोनेशन द्यावे लागते का?

१९८७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने प्रवेशासाठी कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीवरचे जादा पैसे, घ्यायला बंदी आहे. कुणी पावतीशिवाय पैसे मागितले, मग तो शिपाई असो, दलाल असो की चर्चमधला कुणी, देऊ नका आणि लेखी तक्रार करा.

माझ्या मुलाला बायबल शिकवतील का? प्रार्थना करायला लावतील का?

हा प्रश्न जुना आहे आणि विचारणाऱ्याला आम्ही कधी नावे ठेवत नाही. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबई ढवळून निघाली. पालकांनी मुले काढून घेतली, प्रकरण न्यायालयात गेले. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवरून पुण्यात असाच गदारोळ झाला आणि सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. ज्या पालकांना आज काळजी वाटते त्यांच्यामागे एवढा इतिहास आहे.

आता कायदा स्पष्ट आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, सरकारची मान्यता किंवा मदत असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत असे चालते: कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो, त्याच वेळी इतर मुलांना मूल्यशिक्षणाचा. सकाळच्या सभेत एक प्रार्थना होते, ती बहुधा कोणत्याही धर्माच्या मुलाला म्हणता येईल अशी असते. नाताळला गोठा सजतो, नाटक होते, आणि ख्रिस्ती नसलेली मुले त्यात मेंढपाळ होतात. तुम्हाला यातले काही नको असेल तर वर्षाच्या सुरुवातीला लेखी कळवा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

मराठीचे काय? चर्चच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत का?

आहेत, पण कमी होत आहेत. या शहरातला मूळचा ख्रिस्ती माणूस मराठी बोलणारा आहे. वांद्रे, गोराई, मनोरी, उत्तनच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन (नाव इंग्रजी, पण हा इथलाच जुना कॅथलिक समाज) आणि कोळी घरात आपापल्या ढंगाची मराठी बोलतात. वसईचे सामवेदी, वाडवळ ख्रिस्ती मराठीतच लिहितात. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियल चर्चसारख्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी उपासना चालत आली आहे. अशा समाजाच्या शाळांत मराठीचे वर्ग एकेक करून बंद व्हावेत याचे आम्हाला दुःख आहे. दोष एकट्या चर्चचा नाही. पालक, आणि त्यांत मराठी ख्रिस्ती पालकही आले, इंग्रजीच मागतात. पण ज्या चर्चने १८४२ पासून ज्ञानोदय हे मराठी नियतकालिक चालवले, त्याने यात थोडा हट्ट धरायला हवा.

महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व शाळांत, कोणत्याही बोर्डाच्या आणि माध्यमाच्या असोत, मराठी शिकवणे सक्तीचे आहे. शाळेने मराठीला बाजूला सारले असेल तर पालकसभेत विचारा.

सुट्टीतली शिबिरे कोणती असतात?

सर्वांत सोपे आणि जुने म्हणजे व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा (व्हेकेशन बायबल स्कूल). मे महिन्यात, कुठे दिवाळीच्या सुट्टीत, चर्चच्या आवारात सकाळचे काही तास मुले जमतात. गाणी, बायबलमधल्या गोष्टी, हस्तकला, खेळ, शेवटच्या दिवशी कार्यक्रम आणि खाऊ. शिकवणारी मुले-मुली मंडळीतलीच कॉलेजात जाणारी असतात. फी नसते किंवा नावापुरती असते. इथे बायबल शिकवतात, हे उघड आहे आणि लपवायचे कारण नाही. ते नको असेल तर मुलाला पाठवू नका.

युवकांची निवासी शिबिरे लोणावळा, खंडाळा, पाचगणी, देवळालीकडे होतात. मोठ्यांसाठी रिट्रीट असते. दोन-तीन दिवस मौन, प्रार्थना, फादरांशी बोलणे. ज्यांना शांतता हवी असे ख्रिस्ती नसलेले लोकही कधी येतात आणि त्यांना कुणी हटकत नाही.

वायएमसीए ही ख्रिस्ती युवक संघटना मुंबईत १८७५ पासून आहे. मावळात निळशीला, आंध्रा तलावाकाठी तिचे शिबिरस्थळ आहे. तिथला भर खेळ, चढाई, तंबू आणि मोकळ्या हवेवर असतो, सर्व धर्मांची मुले जातात.

मुलाला निवासी शिबिराला पाठवण्याआधी काय विचारावे?

खूप काही विचारावे, आणि चर्चचे आहे म्हणून विश्वासावर सोडू नये. आम्ही स्वतः शिबिरे घेतो तरी हेच सांगतो. ज्या आयोजकांना प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडे मुले पाठवू नका.

रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण झोपते ते विचारा. मुलींसोबत महिला कार्यकर्त्या किती आहेत, आणि एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये असा नियम आहे का, हे विचारा. पाण्याजवळ जाणार असतील तर पोहता येणारा, जीव वाचवण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस हजर हवा. पावसाळ्यात धबधब्यावर आणि धरणाच्या काठी मुले नेणारे शिबिर कितीही चांगले असले तरी आमच्या मते टाळावे. लोणावळा-कर्जतकडे दरवर्षी माणसे वाहून जातात. जवळचे रुग्णालय कुठे, मुलाची औषधे कोण देणार, दम्याचा पंप कुणाकडे राहणार, हे कागदावर लिहून द्या. बस कुणाची, चालक रात्री विश्रांती घेतो का. मुलाला घरी फोन करता येईल का. काही शिबिरांत मोबाइल काढून घेतात आणि ते योग्यही आहे, पण आयोजकाचा एक क्रमांक सतत चालू हवा.

शिबिरात धार्मिक कार्यक्रम किती, हेही विचारा आणि संमतीपत्र वाचून सही करा. मूल पहिल्यांदा जात असेल तर आधी दिवसाच्या शिबिराला पाठवून बघा. ते घरी येऊन काय सांगते त्यावरून पुढचे ठरवा.

चर्चची सेवाकेंद्रे मुंबईत कुठे आहेत?

सगळी सांगणे शक्य नाही. ज्यांच्याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त विचारणा होते ती सांगतो.

भायखळ्याला सांकली स्ट्रीटवर मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचे आशा दान आहे. सोडून दिलेली बाळे, अपंग मुले, रस्त्यावर सापडलेली आजारी माणसे तिथे आश्रय घेतात. रस्त्यावरच्या मुलांसाठी जेझुइटांचे स्नेहसदन १९६२ पासून काम करते. मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान लहान घरांत, कुटुंबासारखे ठेवणे ही त्याची पद्धत. वडाळ्याला सॅलेशियनांचे शेल्टर डॉन बॉस्को १९८७ पासून आहे. रेल्वे स्टेशनांवर उतरलेली, घरातून पळालेली मुले तिथे येतात. अंधेरीत सेंट कॅथरिन्स होम मुलींसाठी आहे. साल्व्हेशन आर्मीने भारतात पाऊल ठेवले ते १८८२ मध्ये मुंबईतच, आणि तिचे काम इथे अजून चालू आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी सेंट झेवियर्स महाविद्यालयातले संसाधन केंद्र २००३ पासून आहे. पुस्तक वाचता येईल अशा रूपात मिळवणे, संगणक शिकणे यासाठी तिथे जावे.

रुग्णालयांत वांद्र्याचे होली फॅमिली आणि अंधेरीला महाकाली गुंफा रस्त्यावरचे होली स्पिरिट सर्वांना माहीत आहेत. ती मोफत नाहीत, पण गरीब रुग्णासाठी तिथल्या समाजसेवा विभागाला भेटता येते. बिल झाल्यावर नको, दाखल होतानाच भेटा.

कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टर 'घरी न्या' म्हणतात. कुठे जावे?

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे. १९८६ मध्ये सुरू झालेले हे भारतातले पहिले हॉस्पिस. उपचाराने बरे होण्याची शक्यता संपली आहे अशा कर्करोगाच्या रुग्णाला तिथे वेदना कमी करण्याची औषधे, जखमेची स्वच्छता आणि माणसाची सोबत मिळते. सिस्टर शुश्रूषा करतात. पैसे घेत नाहीत. जात-धर्म विचारत नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि सगळे रिपोर्ट लागतात.

कुटुंबे इथे फार उशिरा येतात. 'आम्ही हार मानली असे होईल' म्हणून घरात रुग्ण कळवळत राहतो आणि सून किंवा बायको रात्रंदिवस एकटी झिजते. वेदना थांबवणे ही हार नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा इशारा दिला की लगेच चौकशी करून ठेवा, कारण खाटा मर्यादित आहेत.

आईवडिलांना चर्चच्या वृद्धाश्रमात ठेवता येईल का?

अंधेरीला महाकाली गुंफा रस्त्यावर लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांचे वृद्धांसाठी घर आहे. ते गरीब आणि निराधार वृद्धांसाठी आहे. या सिस्टर दानावर चालतात. बाजारात, दुकानांत फिरून मागतात आणि त्यातून घर चालवतात. तुमची ऐपत असेल तर तिथली जागा मागू नका, ती ज्याला कुणीच नाही त्याची आहे. ऐपत असलेल्यांसाठी चर्चशी संबंधित पैसे घेणारी घरेही आहेत, पॅरिशमध्ये विचारा.

वृद्ध व्यक्तीची स्वतःची इच्छा असली पाहिजे. २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि वृद्धांना सोडून देणे हा गुन्हा आहे. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची मदतवाहिनी १४५६७.

दारू सुटत नाही. चर्चकडे काही मदत आहे का?

आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून कृपा फाउंडेशन सुरू केले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची पद्धत आणि अय्यंगार योग यांची तिथे सांगड आहे. वसईलाही केंद्र आहे. याशिवाय अनेक चर्चच्या खोल्यांत संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात. त्या चर्चच्या नसतात, चर्च फक्त जागा देते, आणि तिथे कुणी धर्म विचारत नाही. घरच्यांसाठीही वेगळ्या सभा असतात. पिणारा यायला तयार नसेल तर आधी तुम्ही या.

रस्त्यावर एकटे मूल दिसले तर थेट आश्रमात न्यावे का?

नेऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत द्यावी लागते आणि मूल कुठे राहील हे बाल कल्याण समिती ठरवते. चर्चचे बालगृह असले तरी त्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि ते समितीच्या आदेशानेच मूल ठेवून घेते. दत्तकाचेही तसेच. कोणत्याही सिस्टरकडून थेट बाळ मिळत नाही. 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवूनच पुढे जावे लागते.

मदत घेतली तर धर्म बदलावा लागतो का?

नाही. ज्या संस्थेत अन्न, औषध किंवा प्रवेशाच्या बदल्यात असे सुचवले जाते ती चूक करते आहे, आणि आमचे म्हणून आम्ही तिला पाठीशी घालणार नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाने स्वतःहून मागितले तरी बाप्तिस्म्याआधी दीर्घ तयारी करावी लागते. घाईने कुणाला ओढणे चर्चच्या नियमातही बसत नाही.

देणगी कशी द्यावी?

धनादेशाने किंवा ऑनलाइन, आणि पावती घेऊन. दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर प्राप्तिकराच्या कलम ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला भाऊ पैसे पाठवणार असेल तर संस्थेकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी हवी आणि रक्कम तिच्या त्यासाठीच्या खात्यातच जायला हवी. भाऊ अजून भारतीय नागरिक असेल तर नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेल्या पैशाला हे लागू नाही.

वस्तू देताना आधी फोन करा. फाटके कपडे, मुदत संपलेली औषधे, उरलेले लग्नाचे जेवण नेऊन टाकू नका. तांदूळ, डाळ, साबण, प्रौढांचे डायपर यांची गरज बारा महिने असते.

पैसे नाहीत, पण वेळ आहे. काय करता येईल?

हा प्रश्न आमच्या टेबलावर सर्वांत कमी येतो आणि आम्ही सर्वांत जास्त त्याची वाट पाहतो. वृद्धांच्या घरात आठवड्यातून एकदा जाऊन मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवणारा माणूस हवा असतो. तिथल्या अनेक आज्या मराठी बोलणाऱ्या आहेत आणि आजूबाजूला इंग्रजी-हिंदी चालते. बालगृहातल्या मुलांना गणित शिकवणारा हवा असतो, पण तो वर्षभर येणारा हवा; दोन रविवार येऊन फोटो काढून जाणाऱ्यांचा मुलांना त्रास होतो. बालगृहे तुमची ओळखपत्रे आणि पोलिस पडताळणी मागतील. रागावू नका, त्यात मुलांचे रक्षण आहे. वाढदिवसाचा केक घेऊन जाण्याआधी विचारा, आणि मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नका. कायद्याने ते चालत नाही.

पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे गट गरीब कुटुंबांच्या घरी जातात. त्यांच्यासोबत एक फेरी मारलीत तर परिसराची जी माहिती मिळेल ती इथे लिहून देता येणार नाही.

तक्रार कुठे करायची?

शाळेच्या रोजच्या तक्रारी आधी प्रिन्सिपॉल, मग मॅनेजर, मग ती शाळा ज्यांची आहे त्या संस्थेकडे, नेहमी लेखी आणि पोच घेऊन. त्यानेही काम झाले नाही तर राज्य मंडळाच्या माध्यमिक शाळेसाठी शिक्षण निरीक्षकांचे कार्यालय, प्राथमिकसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग.

मुलावर अत्याचार झाल्याचा संशय असेल तर हा क्रम पाळू नका. सरळ पोलिसांकडे जा किंवा १०९८ ला फोन करा. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे, आणि त्यात फादर, सिस्टर, पाळक, शिक्षक, शिबिराचे कार्यकर्ते सगळे आले. 'चर्चचे नाव खराब होईल, आपसात मिटवू' असे कुणी सांगितले तर ऐकू नका, सांगणारा आमच्यातला असला तरी. पोलिस ठाण्यात सोबत माणूस हवा असेल तर रविवारी टेबलावर या किंवा मंडळीच्या कार्यालयात निरोप ठेवा. आम्ही येऊ.